दिवाळीच्या सुट्टीत कुत्र्याचे लाड: खाऊ, खेळणी, फटाके आणि सहल

वर्तकनगरची_वेदा
नमस्कार मंडळी. गुंड्या आमचा बीगल, वय चार, वजन १३ किलो. यंदा नवऱ्याला आणि मला दिवाळीत सलग पाच दिवस सुट्टी मिळाली आहे, लग्नानंतर पहिल्यांदाच. या सुट्टीत गुंड्याचीही मजा व्हावी असं फार मनात आहे, कारण गेली दिवाळी त्याला वाईट गेली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आरतीचं ताट घेऊन उभी, आणि हा बाथरूममध्ये बादली आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग घालून थरथरत होता. लाळेने पुढचे दोन्ही पाय भिजले होते. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खेळण्यांची टोपली भरलेली आहे. कापडी घुबड आणलं, वीस मिनिटांत कापूस हॉलभर. आतली शिट्टी मी तोंडात बोट घालून काढली. रबरी हाड, ओरडणारी कोंबडी, सगळं दोन दिवसांचं. खरा जीव आहे तो सासऱ्यांच्या जुन्या पंच्यावर.

फराळाचं तळण सुरू झालं की सासूबाई म्हणतात, "लेकरू ओट्याखाली बसून तोंडाकडे बघतंय, एक चकली दिली तर काय होतं?" मला नीट उत्तर देता येत नाही. तर सांगा, फराळातलं त्याला काय चालतं? टिकणारं खेळणं कोणतं? आणि दोन दिवस नागावला न्यावं की ठाण्यातच राहावं?

खाडीकाठ
एका चकलीने काही होत नाही. आमचा मोत्या कळव्याच्या चाळीत भाजी-भाकरीवर चौदा वर्षं जगला.

नेरूळची_मुक्ता
@खाडीकाठ, मोत्या जगला याचा आनंद आहे, पण त्याच्या भाकरीत मीठ-तिखट किती होतं आणि दिवसभरात तो धावायचा किती? आमचा लॅब्रॅडॉर नवव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टने खाली जातो.

वेदा, एक चकली कधीच एक नसते. सासूबाई एक देतात, सासरे एक देतात, भाऊबीजेला आलेली आत्या दोन देते. आमच्याकडे एका दिवाळीत सगळ्यांनी मिळून काय काय दिलं ते आम्हाला कळलं पाडव्याच्या पहाटे, जेव्हा उलट्या थांबेनात. दोन दिवस सलाईन. तेव्हापासून फ्रिजवर एक कागद लावलाय. गुंड्यासाठी तुम्हीही लावा. ज्याने जे दिलं ते त्याने तिथे लिहायचं. घरात भांडणं कमी झाली आणि लॅब दोन किलोने उतरला.

परळची_पशुवैद्य
मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आता घोडबंदर रोडला प्रॅक्टिस करते. दर दिवाळीत तेच ते पेशंट बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फराळात माझी पहिली भीती मनुका आणि बेदाण्यांची. चिवड्यात असतात, करंजीच्या सारणात असतात, लाडवावर टोचलेले असतात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाव घालतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल ते प्रत्येक कुत्र्यागणिक बदलतं. म्हणून "दोनच खाल्लेत" यावर मी कधीच निर्धास्त होत नाही. दुसरी लसूण शेव. कांदा-लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की पूड, रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि लक्षणं लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतात. तिसरं, ऑफिसातून भेट आलेले चॉकलेटचे डबे. जितकं गडद तितकं वाईट. चौथं लोकांना माहीतच नसतं: शुगर-फ्री मिठाई, च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला निर्धोक, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोक्याच्या खाली आणू शकतो. वेष्टनावर वाचल्याशिवाय देऊ नका.

साध्या चकलीत यातलं काही नसतं, हे खरं. पण ती तेल आणि मीठ आहे. तळलेलं भरपूर एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येते. मुक्ताताईंच्या लॅबला तेच झालं असणार.

आता सासूबाईंना द्यायचं उत्तर. गुंड्याच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने ६०० ते ७०० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे ६०-७०. एका मारी बिस्किटात २०-२५ असतात, चमचाभर तुपात ४५. तीन मारी बिस्किटं खाल्ली की त्याचा दिवसाचा खाऊ संपला.

वर्तकनगरची_वेदा
बाप रे. तीन मारी तर तो सकाळच्या चहालाच खातो. सासऱ्यांच्या बशीतून.

ठाणेकर_निखिल
आमच्या घरी यावर तोडगा निघालाय, आणि तो आईने काढलाय. कुत्र्याचा वेगळा फराळ.

चिकनचा खिमा घ्यायचा, हाडं अजिबात नकोत. अर्धा किलोला एक अंडं आणि मळून गोळा होईल इतकं नाचणीचं पीठ. मीठ नाही, हळदीची चिमूट चालते. हे सोऱ्यात भरून बेकिंग ट्रेवर चकल्या पाडायच्या आणि ओव्हनमध्ये १५० अंशांवर ४० मिनिटं. मध्ये एकदा उलटायच्या. कडा तपकिरी होतात आणि वास असा सुटतो की आमची कोको दारात येऊन शेपटीने फ्रिजचं दार बडवते. फ्रिजमध्ये चार दिवस, जास्तीच्या फ्रीजरमध्ये.

आईची एकच अट होती, सोऱ्या वेगळा. आम्ही जांभळी नाक्यावरून पितळी आणला. त्याच्या दांड्याला निळा धागा बांधलाय, म्हणजे चुकून भाजणी त्यात जायला नको. आता सगळे फराळाला बसले की कोकोच्या ताटलीतही चकली असते. आईला समाधान की लेकरू उपाशी तोंडाकडे बघत नाही.

सीवूड्सचे_आजोबा
निखिल, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. सणाच्या दिवशी घरातल्या मुक्या जिवाच्या पुढ्यातही ताट असावं, ही फार जुनी रीत आहे आपल्याकडे. माझ्या लहानपणी पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची असे.

आमची राणी तेरा वर्षांची आहे. सांधे धरलेत, ऐकू कमी येतं, दातही फार उरले नाहीत. तिला ही चकली चावणार नाही. कोणी म्हाताऱ्या कुत्र्याच्या मजेचं सांगेल का?

परळची_पशुवैद्य
काका, खिमा वाफवून हातानेच मऊ गोळे करा. आणि राणीचं नाक अजून शाबूत आहे हे विसरू नका. वयाने डोळे आणि कान आधी जातात, नाक बऱ्याचदा शेवटपर्यंत साथ देतं. तिचे खेळ वासाचे ठेवा.

इडलीपात्र
माझं नाव यामुळेच पडलंय, तर लिहितेच. इडलीपात्राची एक थाळी घ्या. प्रत्येक खळग्यात खाऊचा बारीक तुकडा ठेवा आणि वर टेनिसचा चेंडू. कुत्र्याने नाकाने चेंडू बाजूला सारायचा आणि खायचं. पहिल्या दिवशी दोनच खळग्यांवर चेंडू ठेवा, म्हणजे तो कंटाळून उठत नाही. आजोबा, राणीसाठी थाळी पाटावर ठेवा, मान वाकवावी लागणार नाही.

एकच सांभाळा, टेनिसचा चेंडू चघळायला देऊन ठेवू नका. त्याच्या लोकरीने दात घासले जातात. खेळ संपला की कपाटात.

दुसरं म्हणजे जुने टी-शर्ट. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि सिंकमध्ये अंथरतात त्या भोकांच्या रबरी जाळीत गाठी मारत जायच्या. तीन संध्याकाळी लागतात. दाट गवतासारखी गोधडी होते. त्यात त्याचं रोजचंच जेवण पसरून टाका. जे कुत्रं वाडगं दीड मिनिटात चाटून साफ करतं ते इथे वीस मिनिटं फुसफुस करत बसतं आणि नंतर गाढ झोपतं. बीगल म्हणजे तर चार पायांवरचं नाकच. गुंड्याला याच्यासारखं खेळणं नाही.

खारघर_प्रथमेश
+१. बीगलला वस्तू नको असते, शोध हवा असतो. ऑनलाइन खरेदीचे खोके साठवा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाका, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि मध्ये कुठेतरी खाऊ. फाडू दे. फाडणं हीच मजा. तुमच्या घुबडाचंही तेच झालं, त्याने घुबड अगदी बरोबर वापरलं.

वाशी_सेक्टर_९
मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे घरगुती उपाय सांगतायत, पण खरेदीत वाईट काय आहे? आम्हाला मूल नाही. आमच्या झिपरीला आम्ही दिवाळीत पैठणीच्या काठाचा पट्टा शिवून घेतो, नवीन गादी घेतो, तिचा फोटो आकाशकंदिलाखाली काढतो. तो आमचा आनंद आहे आणि आम्ही तो कोणाच्या खिशातून करत नाही. दुकानातल्या वस्तूही चांगल्या असतात. जाड रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात दही-काकडी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, तासभर चाटत बसते. चारशे-पाचशे रुपये गेले, पण तीन वर्षं तेच वापरतोय. छुरपीही घेतो, हिमालयातलं ते दगडासारखं चीज. शेवटचा लहान तुकडा राहिला की गिळण्याआधी काढून घ्यायचा, भिजवून मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवला की फुलतो आणि कुरकुरीत होतो.

नेरूळची_मुक्ता
पट्ट्याचा फोटो टाका ना! पट्टा छानच. माझा आक्षेप अंगभर कपड्यांना आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात जरीचा अंगरखा घातलेला पग मी सोसायटीच्या कार्यक्रमात पाहिला, जीभ लोंबत होती आणि सगळे सेल्फी काढत होते. मला रडू आलं.

वाशी_सेक्टर_९
अंगरखा आम्हीही कधी घालत नाही. यात आपण दोघी एकच.

खाडीकाठ
मघाशी मी तोडून बोललो, पण एक मनातलं आहे. घरातल्या कुत्र्याला खिम्याच्या चकल्या आणि खाली गेटवर बसलेल्या चौघांना दिवाळीत फक्त सुतळी बॉम्ब. त्यांच्या शेपटीला लवंगी माळ बांधलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. पोरगा दहा वर्षांचा असेल, त्याचा बाप बाजूला उभा राहून हसत होता. मी ती माळ तोडली आणि बापाशी कडाक्याचं भांडलो. लाड करा, पण त्यांचंही बघा.

ठाणेकर_निखिल
खाडीकाठ, बरं झालं लिहिलंत.

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे आहेत. त्यांच्याकडे तिहारचा, म्हणजे त्यांच्या दिवाळीचा, दुसरा दिवस कुत्र्यांचा, कुकुर तिहार. बहुतेक आपल्या नरकचतुर्दशीलाच येतो. गेल्या वर्षी सकाळी अभ्यंगस्नान करून खाली आलो तर गेटवरच्या काळू आणि भुरीच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला टिळा, पुढ्यात पत्रावळीवर अंडी-भात. वॉचमनदादा त्यांना हात जोडत होते. भुरी मान ताठ करून बसली होती, माळ वाकडी होऊ नये असं बसतात तशी. आमच्या दत्तगुरूंच्या पायाशीही चार कुत्री असतातच की. यंदा सोसायटीतली मुलं माळा ओवणार आहेत आणि आई भात देणार आहे. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात एक तळघरासारखी खोली आहे, ती तीन रात्री त्यांच्यासाठी उघडी ठेवायला कमिटी तयार झाली.

सीवूड्सचे_आजोबा
हे वाचून डोळे भरून आले.

कासारवडवली_रोहन
सहलीचं कोणीच बोलत नाहीये. नागाव कशाला, येऊरला न्या की. वीस मिनिटांत जंगल. पट्टा सोडून द्या, बीगल खूश.

परळची_पशुवैद्य
कृपा करून नको. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. तिथे बिबटे आहेत आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो. उलट बाजूनेही बघा, आपल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग रानातल्या प्राण्यांत जातात. आणि बीगल मोकळा सोडलात तर वासामागे असा निघून जाईल की हाका त्याच्या कानात शिरणारच नाहीत.

कासारवडवली_रोहन
हे ध्यानातच आलं नव्हतं. मागे घेतो. मग उपवनला पहाटे साडेपाचला जा. मोजकी माणसं, तलावावरचा वारा आणि पट्टा हातात.

खारघर_प्रथमेश
नागावला जाणार असाल तर आमचा अनुभव. गाडीत बसवण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको, नाहीतर पेणच्या आत सीट धुवावी लागते. दर दोन तासांनी थांबा. किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ बघून सकाळी जा. आमच्या बीगलने वाळूतल्या खेकड्यांची बिळं हुंगण्यात अख्खी सकाळ घालवली. नाकाचं टोक आत घालायचा, वाळू फुंकायचा, दोन पावलं मागे सरून पुन्हा बघायचा. एकही खेकडा सापडला नाही आणि तरी असा खूश कधी दिसला नव्हता. प्यायचं पाणी मात्र सोबत ठेवा, खारं पाणी प्यायला की रात्रभर पोट बिघडतं. परत आल्यावर कान आणि बोटांच्या मधली जागा बघा, गोचिड्या तिथेच लपतात.

ट्रेनने पुढे कोकणात जायचा विचार असेल तर पहिल्या वर्गाच्या एसीत अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमध्ये. दिवाळीत कूपे मिळणं कठीण.

इडलीपात्र
आणि बोर्डिंगमध्ये ठेवायचा विचार आलाच तर आधी स्वतः जाऊन बघा. मी नवी मुंबईत एका ठिकाणी फोटो बघून ठेवलं होतं. परत आणला तेव्हा सतत ठसकत होता, केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला निघाला. एका खोलीत बारा कुत्री होती असं नंतर कळलं. लस निदान दोन आठवडे आधी घेतलेली हवी.

नेरूळची_मुक्ता
सहल, खेळणी सगळं ठीक, पण वेदाचा मूळ घोर फटाक्यांचा आहे. त्याचं काय?

परळची_पशुवैद्य
बरोबर. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला जो एक धमाका वाटतो त्यात त्याला आणखी बरंच काही ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, पण प्रत्यक्षात संध्याकाळी सहालाच सुरुवात होते हे आपण जाणतो. म्हणून फेरी साडेपाचच्या आत उरका. अंगपट्टा आणि गळपट्टा दोन्ही बांधा, त्यावर तुमचा फोन नंबर. दिवाळीत हरवलेली कुत्री बहुधा एका आवाजाने पट्ट्यातून मान काढून पळालेली असतात.

बादलीमागे तो स्वतः गेला याचा अर्थ बाथरूम त्याने निवडलंय. तेच त्याचं करा. आत्तापासून तिथे गादी, पाणी आणि तो पंचा ठेवा, दार उघडं असू द्या. त्या रात्री पंखा पूर्ण वेगात आणि एकसुरी गाणी लावा. गोठवलेलं चाटायचं खेळणं तिथेच द्या, चाटण्याने जीव शांत होतो. आणि जवळ बसा. "घाबरल्यावर कुरवाळलं तर भीती वाढते" हा समज खोटा आहे. तो मांडीत शिरला तर शिरू द्या.

गेल्या वर्षी लाळ गळेपर्यंत घाबरला होता म्हणजे औषधाचाही विचार करा. आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटा, एकदा साध्या दिवशी डोस देऊन बघावा लागतो. नुसतं गुंगी आणणारं औषध मागू नका, त्याने शरीर लुळं पडतं आणि भीती आत तशीच राहते.

वर्तकनगरची_वेदा
ताई, मी हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे उठले आणि पंचा बाथरूममध्ये ठेवून आले.

वर्तकनगरची_वेदा
दिवाळी झाली, कळवायला आले.

लक्ष्मीपूजनाला आम्ही पूजा साडेपाचला केली. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुपारीच दिली होती. सहा वाजता पहिली माळ लागली तशी गुंड्या उठून स्वतःच बाथरूममध्ये गेला. मी पाटावर बसले, नवरा दारात, सासूबाईंनी दह्याचं गोठवलेलं खेळणं आणून दिलं. मोठा आवाज झाला की चाटणं थांबायचं, कान मागे जायचे, मग पुन्हा चाटणं सुरू. थरथरला, पण लाळ नाही. साडेनऊला माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला. पायाला मुंग्या आल्या तरी मी अकरापर्यंत हलले नाही.

चिकनच्या चकल्या सासूबाईंनीच पाडल्या. पाडताना स्वतःशी म्हणत होत्या, "याची पहिलीच दिवाळी गोड." चार तुकडे करून दिवसाला एक चकली, फ्रिजवरच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात नोंद. मारी बंद. सासऱ्यांनी आता चहाच्या वेळी गाजराचा तुकडा ठेवलाय बशीत.

भाऊबीजेनंतर नागावला दोन दिवस जाऊन आलो. प्रथमेश, खेकड्यांचं अगदी तसंच झालं. मी व्हिडिओ काढायला गेले आणि मग मोबाइल खिशात ठेवून नुसती बघत बसले.

टी-शर्टची गोधडी अर्धीच झाली आहे, पट्ट्या संपल्या. नवऱ्याचे कॉलेजचे टी-शर्ट मागितलेत, अजून होकार नाही.

सीवूड्सचे_आजोबा
आमच्या राणीने इडलीपात्रावरचे चारही चेंडू काढले. चौथ्याला तिला सात मिनिटं लागली. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी टाळ्या वाजवत होतो. तिला ऐकू आल्या नसतील, पण तिने आमच्याकडे बघून शेपटी हलवली.

खाडीकाठ
आमच्या गेटवरच्या चौघांनाही यंदा माळा घातल्या. माळ बांधणारा तो पोरगाही आला होता. भात त्यानेच वाढला.

वाशी_सेक्टर_९
निखिल, झिपरीसाठी करायला घेतलंय. सोऱ्याला चकती कोणती लावायची? माझ्याकडे शेवेची आहे.

ठाणेकर_निखिल
शेवेची नको, बारीक पडते आणि कडा करपतात. चकलीचीच चांदणी लावा. खिमा दोनदा बारीक करून घ्या, नाहीतर मांसातला दोरा अडकून सोऱ्या फिरत नाही.